जुन्या घरात दिवे बदलायला घेतले आणि छतातून तीन काळ्या वायरी निघाल्या

जिन्याखालचा

सात दिवे आणून तीन आठवडे झाले आणि सातही अजून खोक्यात आहेत. पहिलाच लावायला गेलो आणि अडकलो. कुणी शहाणा माणूस सांगेल का पुढे काय करू?

घर आजोबांनी बांधलेलं, साठ वर्षांच्या पुढचं. वरच्या दोन खोल्या आणि जिना नंतर झाला, तिथे प्लास्टिकच्या वायरी आहेत. खालच्या चार खोल्यांत मात्र अजून तीच पहिली वायरिंग. भिंतीवर लाकडी केसिंग, खोबणीत वायरी, वर झाकणपट्टी, गोल काळी बटणं, छताला चिनी मातीचे सीलिंग रोझ (दिव्याच्या वायरी जोडायच्या गोल डब्या) आणि त्यातून लोंबणारे होल्डर.

परवा मधल्या खोलीत शिडी लावली, बटण बंद केलं आणि रोझचं झाकण फिरवलं. पहिल्यांदा डोळ्यात काळा भुगा आला. वायरीवरचं सुती वेष्टण बोट लागताच गळलं, आतलं रबर वाळलेल्या चिखलासारखं तडकून पडलं. एकूण तीन वायरी, तिन्ही काळ्याच. दोन एकत्र पिळून एका स्क्रूखाली, तिसरी एकटी दुसऱ्या स्क्रूखाली. आतली तार चंदेरी दिसते, म्हणजे ॲल्युमिनियम असावं. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर औषधालाही नाही.

सहज म्हणून टेस्टर लावला तर पेटला. बटण बंद! खाली बल्ब लटकत होता तेव्हा दोन्ही स्क्रूंवर पेटत होता. बल्ब काढल्यावर फक्त त्या जोडवायरींच्या स्क्रूवर. मी झाकण लावलं आणि खाली उतरलो. त्याच होल्डरमध्ये आता एलईडी बल्ब घातलाय, तर तो बटण बंद केल्यावरही रात्रभर काजव्याएवढा मिणमिणतो.

आणलेल्या दिव्यांपैकी चार पितळी रंगाचे, धातूचे, लटकणारे आहेत आणि तीन पांढरे चपटे, प्लास्टिकचे. घेताना फक्त रंग बघितला, हे कबूल. वडील म्हणतात, "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही, तूच उकरून काढतोस." मला विचारायचंय ते असं: टोकं साफ करून हे दिवे लावले तर चालतील का? का सगळी वायरिंगच काढावी लागेल?

जुगाडू

एवढं काही नाही त्यात. भुगा झालाय तिथे टेप गुंडाळा, दोन-तीन वेढे जास्त द्या. धातूच्या दिव्याची हिरवी वायर न्यूट्रलच्या स्क्रूला मारून टाका. अर्थ आणि न्यूट्रल शेवटी एकाच जागी जातात. माझ्याकडे असे चार दिवे आठ वर्षं चालू आहेत.

निवृत्त_वायरमन

जिन्याखालचा, वरचं काहीही करू नका. का ते सांगतो, पण आधी तुमच्या टेस्टरचं बोलू. तुम्ही नकळत फार कामाची चाचणी केलीत.

बल्ब असताना दोन्हीकडे दिवा, बल्ब काढल्यावर एकीकडेच. याचा सरळ अर्थ असा की तुमचं बटण फेज (वीज आणणारी वायर) तोडत नाही, न्यूट्रल (वीज परत नेणारी) तोडतंय. बटण बंद केलं की दिवा विझतो, कारण परतीची वाट बंद होते. पण वीज रोझपर्यंत येऊन उभीच असते, बल्बातून पलीकडच्या स्क्रूलाही पोचते. एलईडी मिणमिणतो तोही याच कारणाने. बटणाकडे जाणारी वायर भिंतीतून पाच-सात मीटर जाते, भिंतीला थोडी ओल असते, रबर मेलेलं असतं. तेवढ्यातून नखाएवढा प्रवाह झिरपतो. फिलामेंटच्या बल्बाला त्याचं काहीच वाटत नव्हतं, एलईडीला तेवढा पुरतो. इतकी वर्षं दिवा "बंद" करून कितीजणांनी तिथे बल्ब बदलले असतील, विचार करा. त्यांचं नशीब आणि कोरडी लाकडी शिडी, दुसरं काही नाही.

आता त्या पिळलेल्या दोन वायरी. जुन्या पद्धतीत फेज बोर्डावरून बटणाकडे नेत आणि न्यूट्रल एका रोझवरून दुसऱ्या रोझवर फिरवत. तुमची जोडी म्हणजे ती फिरणारी न्यूट्रल, एक आलेली, एक पुढच्या खोलीत गेलेली. असायला हवी होती न्यूट्रल, पण तिच्यावर फेज आहे. म्हणजे कुठेतरी मागे दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. बाकीच्या खोल्यांतही हीच चाचणी करून घ्या. एकाच खोलीत असं असेल तर चूक त्या खोलीच्याच जोडणीत. खालच्या चारही खोल्यांत असेल तर चूक बोर्डावर, आणि मग एका जागी दुरुस्ती केली की चारही खोल्या सरळ होतील.

जुगाडू, आता तुमच्या सल्ल्याकडे येतो. यांनी "न्यूट्रलच्या" स्क्रूला हिरवी वायर मारली असती तर पितळी दिव्याचं अख्खं अंग फेजवर आलं असतं. बटण बंद असतानाही. पुसायला हात लावणारा माणूस चिकटला असता. तुमच्याकडे आठ वर्षं काही झालं नाही, कारण तुमची न्यूट्रल अजून कुठे तुटलेली नाही. ज्या दिवशी वाटेत एखादा स्क्रू ढिला होईल, त्या दिवशी चारही दिव्यांच्या अंगावर बल्बातून वीज येईल. अर्थ आणि न्यूट्रल एकत्र येतात ते पुरवठ्याच्या सुरुवातीला, तुमच्या छताला नाही. नळाच्या पाइपलाही अर्थ जोडू नका, ते कुणीतरी सुचवेलच.

चंदेरी तारेबद्दल. ब्लेडने हलकेच खरवडून बघा, अर्थात मेन बंद करून. खाली लाल दिसलं तर ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं आहे. त्या काळच्या रबरात गंधक असायचं आणि गंधक तांब्याला खातं, म्हणून तारेला कथिल चढवत. पुष्कळ पोरं ते बघून ॲल्युमिनियम समजतात. सगळीकडे पांढरंच असेल आणि तार मऊ लागत असेल तर मात्र ॲल्युमिनियम. मग तांब्याच्या वायरीशी तिला थेट पिळायचं नाही, त्यासाठीचा वेगळा कनेक्टर येतो.

तांबं निघालं तर तार चांगली असेल, गेलंय ते रबर. आणि बहुतेक वेळा ते सगळीकडे सारखं गेलेलं नसतं. साठ आणि शंभर वॅटच्या बल्बांनी वर्षानुवर्षं वर वाफारा दिलाय. तो बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज नुसती तापण्यात घालवतो, आणि गरम हवा वर रोझकडेच जाते. त्यामुळे शेवटचं वीतभर रबर भाजून निघतं, आत फूटभरावर ते अजून लवचीक सापडू शकतं. पण "शकतं". डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मेगर, म्हणजे वायरीवरचं वेष्टण वीज किती अडवतं ते मोजायचं यंत्र, लागतो. मेन बंद करून, सगळे बल्ब काढून, बटणं चालू ठेवून ५०० व्होल्ट डीसीने मोजतात. वायर आणि अर्थ यांच्यात किमान १ मेगाओहम आला पाहिजे. एलईडी काढायला विसरलात तर आकडा खोटा येईल आणि एलईडी जाईल तो वेगळाच.

टेप गुंडाळणं मला मान्य नाही. मेलेल्या रबरावर टेप म्हणजे कुजलेल्या दोरीला गाठ. वायर वाकवली की टेपच्या खाली आणखी तडकते आणि तुम्हाला दिसतसुद्धा नाही.

आणि हो, टेस्टरवर जीव टाकू नका. निऑनचा टेस्टर शेजारच्या वायरीच्या प्रभावाने उगाच पेटतो आणि तुम्ही कोरड्या लाकडी शिडीवर असाल तर नको तेव्हा पेटतही नाही. मल्टिमीटर किंवा दोन तारांचा टेस्ट लॅम्प घ्या. आधी चालू सॉकेटवर तपासा, मग जिथे काम करायचंय तिथे, मग पुन्हा चालू सॉकेटवर. तिसरी पायरी सगळे गाळतात. मधल्या वेळात यंत्रच बंद पडलं असेल तर ते तिसऱ्या पायरीलाच कळतं.

काम करताना फ्यूज उपटून चढू नका, मेन स्विच पाडा. तुमच्या घराच्या काळच्या बोर्डावर फेजला एक फ्यूज आणि न्यूट्रललाही एक फ्यूज असतो. न्यूट्रलचा उपटलात तर दिवे विझतात आणि वायरी जिवंत राहतात. माझ्या मदतनिसाला एकदा असाच झटका बसला. झटका किरकोळ होता, पण तो शिडीवर होता. मनगट मोडलं. छताच्या कामात माणूस विजेने कमी आणि पडून जास्त जायबंदी होतो, असं मी चाळीस वर्षांत बघितलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आत्ता काहीच लावू नका. परवानाधारक माणूस बोलवा, मेगर करून घ्या. माझा अंदाज विचाराल तर खालची सगळी वायरिंग काढावी लागेल.

अर्धवट_घर

काकांचं विजेचं सगळं बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य वाचून माणूस हातपाय गाळतो. मी गाळले होते. "सगळी काढावी लागेल" ऐकून दोन वर्षं काहीच केलं नाही आणि त्याच मेलेल्या वायरींवर राहत राहिले. म्हणून मी कसं केलं ते सांगते, कारण माझं घर अजूनही अर्धवटच आहे आणि तरी मी रात्री नीट झोपते.

सुरुवात दिव्यांपासून नाही केली, बोर्डापासून केली. जुने फ्यूज गेले, एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारे स्विच) आले, आणि गळती झाली की पडणारा ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी. मला तेव्हा कळलं की आरसीसीबीला अर्थिंग असावंच लागतं असं नाही. तो गेलेली आणि परत आलेली वीज यांचा हिशोब जुळतो का तेवढंच बघतो. जुळला नाही की पाडतो. झटका जाणवतोच, पण क्षणभर. आता गंमत अशी की जुन्या घरात तो बसवला की दिवसातून दहा वेळा पडतो. पहिल्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांनी "बिघडलेला दिलाय" म्हणून तो काढून टाकायला लावला होता. बिघडलेला नव्हता. न्हाणीघराच्या वायरीतून भिंतीत वीज झिरपत होती आणि शिवाय एका खोलीच्या दिव्याने आरसीसीबीवर नसलेल्या दुसऱ्या लाइनची न्यूट्रल उसनी घेतली होती. दोन्ही शोधायला एक दिवस गेला. तेव्हापासून शांत आहे.

मग खोलीवार. आधी न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, कारण ओल आणि हात ओले. भिंती फोडल्या नाहीत. जुन्या लाकडी केसिंगच्याच वाटेने पीव्हीसीची केसिंगपट्टी वरून नेली, छताच्या कडेकडेने, आणि प्रत्येक दिव्यापर्यंत तिसरी हिरवी-पिवळी वायर नेली. दिसायला बरं नाही दिसत. पहिले दोन महिने मला रोज दिसायची, आता दिसत नाही. ज्या खोलीचं काम झालं तिथली जुनी वायर बोर्डापासूनच तोडली, नुसती टोकं झाकून सोडली नाही. अर्धी जिवंत वायर भिंतीत ठेवून वर नवी ओढायची हे सगळ्यांत वाईट, नंतर खिळा ठोकणाऱ्याला काय माहीत.

आणि दिवे निवडायचे ते वायर बघून. दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा, त्याला अर्थ लागत नाही. तुमचे पांढरे चपटे तसले असतील, खोक्यावर बघा. धातूचे, हिरवी वायर बाहेर आलेले, ते अर्थ पोचेपर्यंत खोक्यातच राहू द्या. मी माझा लाडका तांब्याचा दिवा अकरा महिने कपाटात ठेवला होता.

एक गोष्ट कुणी बोललं नाही ती वजनाची. जुना रोझ लाकडी गोल ठोकळ्यावर आणि तो ठोकळा छतात ठोकलेल्या लाकडी गुट्टीवर. गुट्टी सुकून आक्रसते. होल्डर आणि बल्बाचं वजन ती पेलत होती, दीड-दोन किलोचा दिवा पेलेलच असं नाही. माझा पहिला दिवा तिसऱ्या दिवशी गुट्टीसकट खाली आला, खाली पलंग होता म्हणून फुटला नाही. नवा फास्टनर किंवा हूक घाला, दिवा साखळीवर किंवा दांडीवर लटकवा. वायर ताणलेली असता कामा नये.

अजून एक. रोझ उघडल्यावर काहीही सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर. तिन्ही काळ्या असतात तेव्हा पाच मिनिटांनी आपणच आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

निवृत्त_वायरमन

ताई, खोलीवार करायला माझी ना नाही. पण क्रम तुम्ही म्हणता तोच हवा: बोर्ड, मग ओलीच्या खोल्या, मग बाकी. लोक नेमकं उलटं करतात, बैठकीच्या खोलीतल्या झुंबरापासून सुरुवात.

जुगाडू

काका, पटलं. मी म्हटलं तसं चारही ठिकाणी केलेलं आहे. आता हिरव्या वायरी नुसत्या काढून टाकू का?

निवृत्त_वायरमन

मेन पाडून काढा, पण मग ते धातूचे दिवेही खाली उतरवा. अर्थ नसलेला धातूचा दिवा हासुद्धा काही उपाय नव्हे. तोवर साधे प्लास्टिकचे होल्डर लावा. काम जमेल असं वाटत नसेल तर माणूस बोलवा.

जिन्याखालचा

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. परवानाधारक वायरमन दोन दिवस येऊन गेले. काका, चूक बोर्डावरच निघाली. खालच्या मजल्याच्या फ्यूजपाशी दोन वायरी उलट्या होत्या. दोन्हीकडे फ्यूज, दोन्ही वायरी काळ्या, आणि दिवे तर लागतातच, मग कुणाला कधी कळणार? त्या सरळ केल्या आणि चारही खोल्यांत बटण बंद केल्यावर रोझवर वीज नाही. वडील शिडी धरून उभे होते. वायरमनने त्यांना मल्टिमीटर दाखवून आधीची आणि नंतरची दोन्ही मापं वाचायला लावली. त्यानंतर "उकरून काढतोस" ऐकलेलं नाही.

बोर्डावर आणखी एक रत्न होतं. पाच ॲम्पिअरच्या फ्यूजमध्ये कुणीतरी जाड तार दुमडून घातली होती. तो फ्यूज उडायच्या आधी केसिंगनेच पेट घेतला असता. कुणी घातली यावर घरात चर्चा झाली, निष्पन्न काही झालं नाही.

मेगरचे आकडे: मधली खोली ०.४ मेगाओहम. न्हाणीघराची लाइन ०.०६. तिथे त्याच दिवशी बोर्डापासून तोडून टाकली, सध्या शेजारच्या खोलीतला उजेड दारातून येतो त्यावर भागवतोय. वरच्या मजल्याचे आकडे उत्तम, आणि तिथे हिरवी वायरही पोचलेली आहे, जिन्यापर्यंत.

तार खरवडून बघितली, खाली लाल! मधल्या खोलीत वायरमनने वीतभर मागे कापून बघितलं, तिथेही रबर तडकतच होतं. म्हणून ताईंच्या पद्धतीने जायचं ठरवलंय. बोर्ड झाला, एमसीबी आणि आरसीसीबी बसला, न्यूट्रलचे फ्यूज काढले. पुढच्या आठवड्यात न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. बाकी दोन खोल्या त्यानंतर. तोवर तिथे जुनेच होल्डर, आणि शंभरच्या ऐवजी नऊ वॅटचे बल्ब, म्हणजे निदान वरचं भाजणं तरी थांबलं. आरसीसीबी आतापर्यंत एकदाच पडला, पाऊस झाला त्या रात्री.

सातांपैकी एक पितळी दिवा लावला, जिन्यावर, नव्या हुकाला. पांढऱ्या तिघांवर चौकोनात चौकोन सापडला. बाकी तीन पितळी अजून खोक्यात.

एक शंका मात्र राहिली. जिन्यावरचा तो नवा दिवासुद्धा बंद केल्यावर मंद मिणमिणतो. वायर नवी, आकडे चांगले, तरी पण. खाली-वर दोन बटणं आहेत त्याला.

निवृत्त_वायरमन

पावसाच्या रात्री पडला म्हणजे ओल कुठेतरी आहेच. न्हाणीघर तोडल्यावरही पडला असेल तर बाहेरच्या भिंतीवरचा पॉइंट आधी बघा.

जिन्याचं म्हणाल तर दोन बटणांच्या दिव्याला दोन वायरी खालपासून वरपर्यंत एकमेकींना चिकटून जातात. एकीत वीज असली की दुसरीत तिचा थोडा प्रभाव उतरतो. ती गळती नव्हे, वायर खराब नाही. दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावलात तर बहुतेक थांबेल, किंवा दिव्यापाशी त्यासाठीचा छोटा कपॅसिटर बसवून मिळतो. दोन्ही बटणं फेजलाच आहेत ना, तेवढं एकदा मीटरने बघून घ्या.

जिन्याखालचा

बघितलं, फेजलाच आहेत. मग राहू दे तसाच. वडिलांना रात्री पायऱ्या दिसतात म्हणे.